उबेचा कर्ता कोण?

महाभारताच्या आदिपर्वात नागांची आई कद्रू हिला हजार अंडी होतात आणि गरुडाची आई विनता हिला दोन. दासी ती अंडी वाफेच्या ऊबदार भांड्यांत ठेवतात, पाचशे वर्षं. अहमदपुरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि कुणाच्या घरात साप निघाला की फोन मलाच येतो. त्यामुळं ही कथा वाचताना माझं लक्ष गरुडापेक्षा त्या भांड्यांकडंच जास्त गेलं. आजही सापाची अंडी उबवायला पेटी तशीच लागते: थर्माकोलचा खोका, तळाला पाणी, पाण्यात फिशटँकचा हीटर आणि विटांवर अंड्यांचा डबा.

जेसीबीनं बांध कोरला की कधी धामणीची अंडी उघडी पडतात. परत ठेवायला जागाच उरत नाही. मग वनविभागाला विचारून ती पेटीत येतात. उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करायची, कारण कोंबडीच्या अंड्यासारखं हे अंडं फिरवत नाहीत. उलटलं तर आतलं पिल्लू मरू शकतं.

आमच्या गल्लीतले पारायणवाले काका पेटी बघून म्हणाले, "अरे, उबवणारा तू कोण? तू निमित्तमात्र." शब्द गीतेतला, अकराव्या अध्यायातला, पण मला तो अर्धाच पटतो. पिल्लू निघालं तर ते धामणीचं आणि निसर्गाचं. अंडी शिजली तर मात्र बटण माझ्या बोटानं फिरलेलं असतं. श्रेय घ्यायचं नाही हे ठीक, पण दोषसुद्धा देवावर टाकायचा, ही सोय मला गीतेत दिसत नाही. मगरीचं तर आणखी अवघड. तिच्या अंड्यात नर की मादी हेच उष्णतेवर ठरतं, म्हणजे काटा फिरवणारा माणूस त्या पिल्लाचा जन्मच ठरवतो. सापांत तसं नसतं, आणि तेवढी जबाबदारी आपल्यावर नाही याचं मला बरं वाटतं.

म्हणून थर्मोस्टॅट घेताना मी आधी विचारतो, हा बिघडला तर कुठल्या बाजूला बिघडेल? धामणीच्या अंड्याला २८ ते ३० अंश पुरतात. कोंबडीच्या पेटीचा थर्मोस्टॅट साडेसदतीसच्या आसपास लावलेला असतो, तो तसाच वापरायचा नाही. डब्ल्यू १२०९ नावाचा स्वस्त बोर्ड चालतो, पण तो मुळात दोन अंशांचा फरक धरतो: २९ ला बंद, २७ ला चालू. तो फरक कमी करता येतो, फार कमी केला तर रिले सारखा टकटक करत लवकर झिजतो. आणि रिले चिकटला तर तो चालू अवस्थेतच चिकटतो. लाइट गेली, पेटी थोडी गार झाली, तर पिल्लू उशिरा निघेल. मराठवाड्यात लाइट जाणं काही नवीन नाही. पण हीटर रात्रभर चालू राहिला तर सकाळी काही उरत नाही. म्हणून त्याच वायरीवर मी दुसरा, साधा थर्मोस्टॅट बसवतो, ३२ ला तोडणारा. सेन्सर पाण्यात नाही, अंड्यांच्या शेजारी. उन्हाळ्यात तर खोलीच चाळिशीला जाते, तिथं कुठलाच थर्मोस्टॅट कामाचा नाही. तो ऊब थांबवू शकतो, गारवा आणू शकत नाही.

उशीर परवडतो, अंडं बिघडवणं परवडत नाही. विनतेनं नेमकं हेच ओळखलं नाही. कद्रूची पिल्लं निघालेली बघून तिनं एक अंडं फोडलं. अरुण अर्धवट निघाला, कमरेखाली घडलेलाच नाही, आणि त्यानं आईलाच दास्याचा शाप दिला. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ते विधिलिखित होतं." असेल. पण शाप विधीला नाही मिळाला, फोडणाऱ्या हाताला मिळाला.

त्या दासींना मात्र ना शाप, ना वर, ना नाव. पाचशे वर्षं वाफ एकसारखी कशी ठेवली, भांडं तापलं की काय करायच्या, हे व्यासांनी दोन ओळींत तरी लिहायला हवं होतं.