सावलीत मोजलेले ऊन

जगातील सर्वांत उष्ण शहर कोणते, हा प्रश्न वरवर पाहता भूगोलाचा आहे. आमच्या पिढीने शाळेत त्याची दोन उत्तरे पाठ केली होती : जगात लिबियातील अझिझिया आणि आपल्या उपखंडात सिंधमधील जेकबाबाद. यांपैकी पहिल्या उत्तराचे पुढे काय झाले, ते मनोरंजक आहे. १३ सप्टेंबर १९२२ रोजी अझिझिया येथे नोंदले गेलेले ५८ अंश सेल्सिअस तापमान नव्वद वर्षे अबाधित राहिले आणि २०१२ साली जागतिक हवामान संघटनेने ते रद्दबातल ठरविले. नोंद घेणारा मनुष्य नवखा असावा, त्याला तो तापमापक नीट वाचता आला नसावा आणि त्यामुळे आकडा सुमारे सात अंशांनी फुगला असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष. आज अधिकृत मान कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीकडे जातो. तेथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश नोंदले गेले. परंतु डेथ व्हॅली हे शहर नव्हे. आशियातील उच्चांक, ५३.९ अंश, कुवेतमधील मित्रिबाह येथील. २१ जुलै २०१६ चा. तेही वाळवंटातील एक एकाकी केंद्र. माणसांनी गजबजलेल्या गावाचा मान शोधू लागलो, तर बलुचिस्तानातील तुर्बतकडे वळावे लागते. २८ मे २०१७ रोजी तेथे ५३.७ अंश तापमान होते.

हे आकडे मोजतात कसे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चार पायांवर उभी केलेली, बाजूंना झडपा असलेली एक पांढरी पेटी मोकळ्या जागी ठेवतात. तिच्या आत, जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर तापमापक असतो. वारा आत खेळावा, पण उन्हाची तिरीप आत येऊ नये, अशी तिची रचना. शास्त्राच्या दृष्टीने ही रीत निर्दोष आहे, कारण उन्हात ठेवलेला तापमापक हवेची उष्णता न दाखविता स्वतः किती तापला तेच दाखवील. याचा अर्थ मात्र असा की, वृत्तपत्रात छापून येणारे ५३ अंश हे सावलीतले, जमिनीच्या धगीपासून दूरचे आणि वारा लागत असतानाचे तापमान होय. त्या पेटीत कोणी गवंडी वीट रचीत नाही, कोणी सळया वाकवीत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात एका शासकीय पुरस्काराचा सोहळा झाला आणि उष्माघाताने चौदा माणसे दगावली. त्या दिवशीचे नोंदलेले तापमान होते सुमारे ३८ अंश. उष्ण शहरांच्या कोणत्याही यादीत त्या आकड्याला जागा मिळणार नाही.

आमचा प्रश्न येथून सुरू होतो. एखादे शहर किती उष्ण आहे हे सावलीतून ठरवायचे आणि ते उभारायचे मात्र उन्हातल्या माणसांकडून, ही व्यवस्था न्याय्य आहे काय?

कुवेत शहराचे उदाहरण घेऊ. गोव्यातील आणि आपल्या किनारपट्टीवरील कितीतरी कुटुंबांना हे नाव परके नाही. तेथील पगारावर इकडे घरे उभी राहिली, मुले शिकली. त्या देशाच्या लोकसंख्येत दोन-तृतीयांशाहून अधिक लोक परदेशी आहेत आणि त्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी. उन्हाळ्यात तेथील पारा वारंवार पन्नाशीला भिडतो. तरीही शहर थांबत नाही, कारण घर, मोटार, कचेरी, बाजार, सारे वातानुकूलित आहे. वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही, हे आपण विसरतो. ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकते आणि यंत्र चालविताना जी वीज खर्ची पडते तिचीही उष्णता त्यात मिसळते. म्हणजे एका भिंतीच्या आत जितका गारवा, त्याहून अधिक धग भिंतीच्या बाहेर. आणि त्या भिंतीच्या बाहेर परांचीवर कोणीतरी उभा असतो. जून २०२४ मध्ये विजेची मागणी इतकी वाढली की, तेलावर श्रीमंत झालेल्या या देशालाही पाळीपाळीने वीज बंद करावी लागली.

कुवेतच्या शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी ११ ते दुपारी ४ पर्यंत उघड्यावर काम करून घेण्यास तेथे कायद्याने बंदी आहे. कायदा चांगलाच. पण तो घड्याळ पाहतो, ऊन पाहत नाही. सकाळी दहा वाजता किंवा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऊन सौम्य असते, असा त्याचा समज दिसतो. ही बंदी असूनही अति उष्ण दिवसांत कामावरील इजा वाढतात, असे कुवेतमधील एका अभ्यासात आढळले. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते आणि ते उडवून लावण्याजोगे नाही. तो मनुष्य स्वखुशीने गेला. त्याला ऊन ठाऊक होते. गावाकडे मिळाले असते त्याच्या कितीतरी पट वेतन तो घेतो. मग तक्रार कसली? आम्हांलाही या युक्तिवादाचे वजन मान्य आहे, कारण त्या कमाईशिवाय अनेक घरांत चूल पेटली नसती. पण संमती ही दर तासाला नव्याने द्यावी लागते. दलालाचे कर्ज डोक्यावर आहे, राहण्याचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला आहे, अशा माणसाने भोवळ येत असताना काम थांबवायचे ठरविले, तर ते त्याला थांबविता येते काय? येत नसेल, तर गाव सोडताना दिलेला होकार त्या दुपारपुरता संपलेला असतो. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली काढलेल्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात याचा विचार आहे. मालक-मजुरांच्या करारापलीकडेही एक नैसर्गिक न्याय असतो, असे सांगून ते थांबले नाहीत. एका ऋतूत सहज होणारे काम दुसऱ्या ऋतूत असह्य होते, म्हणून कामाचे तास ठरविताना ऋतूचाही हिशेब धरावा, असे त्यांनी बजावले. युरोपातील खाणी आणि कारखाने डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले ते वाक्य आखाताला अधिक लागू पडावे, हे विलक्षण खरे.

उन्हात मोजणारे यंत्र नाही, असेही नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत कवायतीच्या वेळी जवान कोसळू लागले, तेव्हा एक मापनपद्धती तयार झाली. तीत तांब्याचा एक पोकळ, काळा रंगविलेला गोळा उघड्या उन्हात ठेवतात, जोडीला ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक तापमापक असतो आणि दोहोंवरून, हवेचे तापमान जमेस धरून, शरीरावरचा भार काढतात. कतारने २०२१ मध्ये दुपारच्या बंदीचे तास वाढविलेच, शिवाय या मापाने ३२.१ अंशांची मर्यादा ओलांडली की काम थांबलेच पाहिजे, असा नियम केला. सैनिकासाठी जे १९५० च्या दशकात सुचले, ते मजुरापर्यंत पोहोचायला इतका काळ लागला.

सावलीची वाटणी केवळ मालक आणि मजूर यांच्यातच होते, असेही नव्हे. मक्का हे जगातील अत्यंत उष्ण शहरांपैकी एक. जून २०२४ मधील हज यात्रेच्या दिवसांत तेथे पारा ५१.८ अंशांवर गेला आणि १३०१ यात्रेकरू मरण पावले. सौदी शासनाच्या सांगण्यानुसार त्यांतील ८३ टक्के परवान्याविना आलेले होते. परवाना असलेल्यांना वातानुकूलित तंबू आणि वाहने होती. इतर सारे उन्हातून चालत राहिले. नियम मोडला हे खरे. परंतु नियमभंगाची शिक्षा ऊन असू शकते काय, याचे उत्तर आम्हांला सापडत नाही.

आता आमच्या शाळेतील दुसऱ्या उत्तराकडे, जेकबाबादकडे, येऊ. १८४७ च्या सुमारास जॉन जेकब या इंग्रज अधिकाऱ्याने खानगढ नावाच्या खेड्याच्या जागी हे नगर वसविले, रस्ते आखले, झाडे लावली, बेगारी कालवा रुंद करून ओसाड मुलूख ओलिताखाली आणला. १८५८ साली तो तेथेच वारला. त्याची कबरही तेथेच आहे. आज त्या शहरात सावलीसुद्धा पुरत नाही. याचे कारण मातीच्या माठावरून समजते. माठातील पाणी झिरपून वाफ होते म्हणून गार राहते. दमट हवेत तोच माठ निकामी ठरतो. आपले शरीरही घामावर असेच चालते. ओल्या फडक्यातील तापमापक ३५ अंशांवर गेला की घाम सुकेनासा होतो आणि धडधाकट मनुष्यदेखील सावलीत, स्वस्थ बसूनही, काही तासांहून अधिक जगू शकत नाही. हा सिद्धान्त, अलीकडील प्रयोगांत खरी मर्यादा याहून बरीच खाली दिसून आली आहे. जेकबाबादने ३५ चा उंबरठा आधीच काही वेळा ओलांडला आहे, असे २०२० मधील एका संशोधनाने दाखविले. अरबी समुद्राकडून येणारा दमटपणा आणि भोवतीची ओलिताची शेते, या दोहोंचा तो परिणाम. ज्या पाण्याने वस्ती शक्य केली, त्याच पाण्याची वाफ आता तिचा श्वास कोंडते आहे.

१४ मे २०२२ रोजी तेथे ५१ अंश तापमान होते. वीटभट्टीवरची माणसे शक्य तितके काम अंधार असताना उरकतात. विजेचा भरवसा नसतो. पाणी गाढवगाड्यांवरून निळ्या कॅनमधून विकत घ्यावे लागते. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये भारत-पाकिस्तानात जी उष्णतेची लाट आली, तिची शक्यता मनुष्यकृत तापमानवाढीमुळे सुमारे तीसपट झाली होती, असे शास्त्रज्ञांनी काढले. जगातील कर्बवायूंच्या उत्सर्जनात पाकिस्तानचा वाटा एका टक्क्याहून कमी. कुवेतचे दरडोई उत्सर्जन जगात सर्वाधिक देशांपैकी. अमेरिकेचे एकूण उत्सर्जन तर, इतिहासकाळापासून मोजले असता, सर्व देशांत पहिले. वीटभट्टीवरच्या स्त्रीने हे ऊन पेटविलेले नाही. मग तिला मिळणारा पेलाभर पाणी आणि घटकाभर गारवा यांना काय म्हणावे? आजवर जगाने त्यांना मदत म्हटले आहे. आम्हांला ते देणे वाटते, आणि शब्दातील हा फरक किती खोल आहे हे त्याच शहरात दिसले. अमेरिकेच्या साहाय्याने जेकबाबादला कालव्याचे पाणी शुद्ध करून पुरविणारी एक योजना चालत होती. जानेवारी २०२५ मध्ये त्या देशाने परदेशांची मदत गोठविली, तेव्हा या योजनेचा पैसाही थांबला. मदत होती, म्हणून एका सहीने ती थांबविता आली.