दुसऱ्यांच्या पाळण्यांवर

गोवंडी स्टेशनच्या दक्षिणेला, देवनारच्या अंगाला, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचं आवार आहे. १९५६ साली संयुक्त राष्ट्रसंघ, भारत सरकार आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून ती काढली. आशियातल्या तरुण अभ्यासकांना माणसं मोजण्याचं शास्त्र शिकवायचं, हे तिचं काम. मोजायचं कशाला, याबद्दल त्या काळी कुणाला शंका नव्हती. देशात बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत होती आणि ती कमी करायची होती. त्याच संस्थेने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशाचा जननदर २.० निघाला आणि महाराष्ट्राचा १.७. एका पिढीच्या जागी तेवढीच दुसरी उभी राहायला २.१ लागतो. जास्तीचा हिशेब ठेवायला बांधलेल्या इमारतीत आता तुटीचा हिशेब सुरू झाला आहे.

रुळांच्या उत्तरेला शिवाजीनगर आणि बैंगनवाडी. जरीचे कारखाने, शिलाई मशिनींनी भरलेले गाळे, भंगाराची गोदामं आणि त्यापलीकडे १९२७ पासून भरत आलेलं डम्पिंग ग्राउंड. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात हा भाग ज्यात येतो तो एम पूर्व विभाग शहरात तळाला होता. इथली माणसं उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेली; मराठवाडा-विदर्भातून पोटासाठी आलेल्या कुटुंबांचीही इथे दुसरी-तिसरी पिढी आहे. मुलं कमी पडली तर माणसं बाहेरून आणावीत, ही कल्पना जगात आज युरोप, जपान, कॅनडाच्या संदर्भात चर्चिली जाते. ती कुठून कशी वाढत आली हे पाहायचं, तर मला बर्लिनपेक्षा गोवंडीची जागा जास्त सोयीची वाटते. मुंबई शंभर वर्षांहून अधिक काळ त्याच कल्पनेवर जगते आहे. फक्त तिने तिला कधी धोरण म्हटलं नाही.

आपल्याकडे लोकसंख्येचा विचार सुरू झाला तोच गर्दीच्या धास्तीतून. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यांचा मुद्दा मुख्यतः बाईच्या शरीराचा आणि सुखाचा होता, देशाच्या आकड्यांचा नव्हे. म्हणून तो आजही जुना वाटत नाही. १९३८ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या बाजूने ठराव आणला, तो फेटाळला गेला. १९५२ मध्ये सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम आला. मग लाल त्रिकोण, मग आणीबाणी. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कागदावर राहिलं. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला पंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही, असा नियमही याच राज्याने केला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी दोनापेक्षा जास्त, म्हणजे तीन मुलं हवीत असं सांगितलं. त्याच्या थोडं आधी चंद्राबाबू नायडूंनीही आंध्रात तोच सूर लावला होता. ज्या बाईला साठ वर्षं ‘पुरे’ म्हणून ऐकवलं, तिलाच आता ‘आणखी’ म्हणून ऐकवायचं. दोन्ही वेळा तिला विचारायचं राहिलंच.

माणसं कमी पडतात तेव्हा काय करायचं, याचा अनुभव मात्र मुंबईजवळ होता. १९२१ च्या जनगणनेत शहरातल्या शंभरातल्या ऐंशीहून जास्त माणसांचा जन्म शहराबाहेरचा होता. त्यांतली सर्वांत मोठी संख्या रत्नागिरी जिल्ह्याची, ज्यात तेव्हा आजचं सिंधुदुर्गही येत होतं. शहरात बायकांची संख्या पुरुषांच्या जेमतेम निम्मी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत जन्मांपेक्षा मृत्यूंची नोंद जास्त होत असे. प्लेग, क्षय, चाळीतली कोंदट हवा ही कारणं होतीच, पण एक कारण साधं होतं: बाळंतपणाला बाई गावी जायची. मूल गावी जन्मायचं, गावच्या तांदळावर आणि आजीच्या हातावर वाढायचं, आणि हाताशी आलं की बोटीने मुंबईला यायचं. जॉबर, म्हणजे मजूर भरणारा मुकादम, त्याला गिरणीत लावायचा. तो गावकीच्या खोलीत पथारी टाकायचा, खानावळीत जेवायचा, मनीऑर्डर पाठवायचा. गिरणीमालक पगार द्यायचा तो एकट्या गड्याचा. त्या गड्याला वीस वर्षं वाढवण्याचा खर्च कोकणाने पदरमोड करून केलेला होता, आणि म्हातारपणी दमा घेऊन तो परत जायचा तेव्हाचा खर्चही कोकणच करायचं. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बसल्या, तेव्हाही कितीतरी घरांनी गावाकडचीच वाट धरली.

गोवंडीच्या संस्थेतून झालेल्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक नेमकं याच विषयावरचं होतं. के. सी. झकारिया यांचं बृहन्मुंबईतल्या स्थलांतरितांवरचं पुस्तक १९६८ मध्ये आलं. १९६१ मध्येसुद्धा बृहन्मुंबईत सुमारे ६४ टक्के माणसं बाहेर जन्मलेली होती. हेच झकारिया पुढे केरळात गेले आणि १९९८ पासून तिथल्या स्थलांतराच्या पाहण्या त्यांनी सुरू करून दिल्या. केरळचा जननदर १९८० च्या दशकाच्या अखेरीस २.१ च्या बदली पातळीखाली गेला होता. तरुण आखातात, आणि घरं बांधायला, रबर काढायला बंगाल-आसाम-ओडिशातले मजूर. २०१३ च्या एका अभ्यासाने परप्रांतीय मजुरांची संख्या सुमारे २५ लाख धरली. केरळने त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटलं, त्यांच्यासाठी विमा योजना काढली, एर्नाकुलम जिल्ह्यात त्यांच्या मुलांना त्यांच्या भाषेतून सामावून घेणारा शालेय उपक्रम चालवला. आपण काय म्हणतो ते सांगायला नको. १९६६ मध्ये मुंबईत रोख दाक्षिणात्यांवर होता, २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीयांवर. या सगळ्या वादात नोकऱ्या कुणाच्या हे विचारलं गेलं. या शहरात कामाला पुरेशी माणसं जन्मतात का, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी कुणी विचारला नाही.

युरोपात ही कल्पना मुंबईच्याच वाटेने गेली, हे पाहून गंमत वाटते. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी मजूर आणण्याचे करार केले. माणूस काही वर्षं राबेल, परत जाईल, दुसरा येईल, असा मूळ बेत होता. हा गिरणीचाच बेत. १९७३ मध्ये तेलाच्या संकटात भरती थांबवली, तेव्हा आत असलेल्यांनी विचार केला की आता गेलो तर परत येता येणार नाही. त्यांनी बायकामुलंच बोलावून घेतली. बेत तिथे मोडला, पण लोकसंख्येचं शास्त्र तिथून पुढे सरकलं. आलेला माणूस हा नुसता कामगार नसून लोकसंख्येचा भाग आहे, असा हिशेब मांडणं भाग पडलं.

तो हिशेब संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या विभागाने २००० साली मांडला. आठ देश घेतले आणि सरळ विचारलं की घटती, म्हातारी होत जाणारी लोकसंख्या स्थलांतराने भरून निघेल का. नुसतं डोकी कमी होऊ द्यायची नाहीत, एवढंच ठरवलं तर बऱ्याच देशांना जमण्यासारखा आकडा आला. पण एका म्हाताऱ्यामागे कामाच्या वयाची जेवढी माणसं १९९५ मध्ये होती तेवढीच २०५० मध्येही ठेवायची ठरवली, तर दक्षिण कोरियाला ५१० कोटी माणसं आणावी लागतील असं उत्तर निघालं. तेव्हा सगळ्या जगाची लोकसंख्या सहाशे कोटींच्या घरात होती. आकडा हास्यास्पद आहे. त्यामागचं कारण कुणालाही समजेल असं आहे: आलेली माणसंही म्हातारी होतात. त्यांना सांभाळायला आणखी आणावी लागतात, मग त्यांना सांभाळायला आणखी.

इथे मुंबईचं जुनं गुपित उघडं पडतं. मुंबई तरुण दिसत आली, कारण ती आपले म्हातारे गावाला पाठवत आली. आखातही तसंच करतं. कुवेत-दुबईला आयुष्य घालवलेला खेड-चिपळूणचा माणूस नागरिकत्वाशिवाय साठीला घरी येतो. परत पाठवायची सोय असेल तरच स्थलांतर हे म्हातारपणावरचं औषध ठरतं, आणि तसं पाठवलं की ते औषध नसतं, बिल दुसऱ्याच्या नावावर फाडणं असतं. मराठीत याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. मे २०२० मध्ये टाळेबंदीत कुर्ल्याच्या टर्मिनसवरून श्रमिक गाड्या सुटल्या, तेव्हा हे बिल एका महिन्यात फाडलं गेलं. शिवाजीनगरचे जरीकाम करणारे गेले, कारखाने बंद पडले, आणि जेवायला कोण घालणार या प्रश्नाचं उत्तर पुन्हा एकदा मुलुखाने दिलं.

आज बिलं दोन्ही दिशांनी फाटत आहेत. कोकणच घ्या. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गचीही घटली. आता हापूसच्या बागा राखायला आणि मासेमारीच्या नौकांवर खलाशी म्हणून नेपाळी माणसं आहेत. ज्या जिल्ह्याने मुंबईला माणसं पुरवली, त्याला आता नेपाळ पुरवतो. गोव्याचा जननदर पाचव्या पाहणीत १.३ आहे, आणि तिथल्या ट्रॉलरवर ओडिशा-झारखंडचे हात आहेत. दुसरीकडे २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला: परिचारिका, चालक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशी पथदर्शी म्हणून दहा हजार कुशल माणसं पाठवायची. म्हणजे १.७ जननदर असलेलं राज्य त्याहून कमी जननदराच्या देशाला तरुण देणार, आणि आपल्याकडची पोकळी बिहारने भरायची.

आणि बिहार? तिथला जननदर पाचव्या पाहणीत ३.० होता, उत्तर प्रदेशचा २.४. उतार तिथेही लागला आहे. गोवंडीच्या वस्त्यांबद्दल ज्या भीती पसरवल्या जातात त्यांच्यासाठी एक आकडा पुरेसा आहे: १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत मुस्लिम बायकांचा जननदर ४.४ होता, २०१९-२१ मध्ये २.३६. सर्व धर्मांत सर्वांत मोठी घट ही. मुलीची शाळा, दवाखाना, भाड्याची दहा बाय बाराची खोली, महिन्याचा खर्च या गोष्टी धर्म विचारून परिणाम करत नाहीत. बाहेरून आलेली माणसं एका पिढीत त्या गावच्या सवयीची होतात, आणि मुलांची संख्या ही त्यांतली पहिली सवय.

म्हणून ‘स्थलांतर हा उपाय आहे का’ या प्रश्नावर होय-नाही करणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. काही दशकांची उसंत त्यातून नक्की मिळते. कॅनडाने ती घेतली: २०२३ मध्ये तिथली लोकसंख्या तीन टक्क्यांहून जास्त वाढली, जवळजवळ सगळी बाहेरून आलेल्यांमुळे, मग घरभाडी भडकली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात सरकारने २०२५ चं लक्ष्य पाच लाखांवरून ३.९५ लाखांवर आणलं. टोरांटोत स्थिरावलेल्या मराठी मुलाचे आईवडील मात्र कोथरूडमध्येच राहतात. त्यांच्यासाठी रात्रपाळीला येणारी मावशी मराठवाड्यातून आलेली असते, आणि तिची सासू गावात एकटी. साखळी कुठेतरी संपते, आणि ती नेहमी सगळ्यांत गरीब घरात संपते.

प्रश्न वाढवण्याच्या खर्चाचा आहे. सीतामढीच्या मुलाची सरकारी शाळा, लस, आईचं बाळंतपण बिहारच्या तिजोरीतून झालं. त्याच्या कष्टाचा कर महाराष्ट्राच्या तिजोरीत येतो. वर आणखी एक तिढा: लोकसभेच्या जागांचं राज्यवार वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेलं आहे, आणि २०२६ नंतरच्या जनगणनेवर ते पुन्हा उघडेल. मुलं कमी केलेली राज्यं म्हणतील आमच्या जागा का घटवता. मुलं वाढवून पाठवलेली राज्यं म्हणतील आमची पोरं तुमच्या कारखान्यात असताना तुम्ही आमच्या मोजणीवर का बोलता. दोघांचंही खरं आहे.

माणूस हलला की त्याच्या मागे पैसाही हलला पाहिजे, हे अशक्य नाही. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, तो २०१७ पासून लागू आहे; तिथे भरलेली पेन्शनची वर्षं इथल्या वर्षांशी जोडता येतात. देशात ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे मधुबनीचं धान्य गोवंडीच्या दुकानात उचलता येतं. पण बाडेन-वुर्टेम्बर्गला जाणाऱ्या मुलांना जर्मन शिकवण्याचा खर्च महाराष्ट्र सरकारने उचलायचा असं ठरलं. घेणाऱ्याचं काम सोपं व्हावं म्हणून देणाऱ्याने आणखी पदर खोचायचा, हे आपण कोकणाकडून शिकलो असू. बिहार सरकारने उद्या महाराष्ट्राकडे शाळेच्या खर्चाचा वाटा मागितला, तर आपण त्यांना काय उत्तर देणार, ते आजच लिहून ठेवायला हरकत नाही. तेच उत्तर जर्मनी आपल्याला देईल.