भयाचा साठा

2020 च्या मार्चात महामारी आली आणि अमेरिकेत बंदुकीच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. बंदुकीसाठी होणाऱ्या सरकारी पडताळण्या 2019 मध्ये सुमारे 2 कोटी 84 लाख होत्या, त्या 2020 मध्ये 3 कोटी 97 लाखांवर गेल्या. रोगाला गोळी लागते काय? भय होते ते माणसाचे. एकाची बंदूक पाहून दुसरा घेतो, भय मात्र दोघांच्याही घरी तसेच!

पण हसू नये. त्याच वर्षी पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या, आणि आम्ही घरी बसून धान्याची पोती मोजली. शेजारची चूल पेटली की नाही, हे पाहिले नाही. स्वसंरक्षण अधर्म नव्हे. परंतु भयापोटी केलेला साठा, गोळ्यांचा असो वा गव्हाचा, शेजाऱ्यातला विठ्ठल दिसू देत नाही. म्हणून भय दाटले की आधी शेजाऱ्याची विचारपूस करावी. रामकृष्णहरि.