नाक कोणाचे, ओझे कोणाचे?



काही दिवसांपूर्वी एक गृहस्थ मला भेटायला आले. खुर्ची पुढे केली तरी ते उभेच राहिले. त्यांची मुलगी नोकरी करते. तिने आपल्या पसंतीच्या मुलाचे नाव घरी सांगितले होते. मी विचारले, मुलगा व्यसनी आहे का? नाही. कमावतो का? कमावतो. मुलीला त्रास देईल अशी शंका आहे का? तसेही नाही. मग अडचण कोणती? ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "फादर, माह्या नाकाचा प्रश्न हाय."

त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून मी हे लिहितो आहे. कारण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. माणसाचे नाक त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असते. मग ते कापले जाण्याची भीती मात्र मुलीच्या, बहिणीच्या, सुनेच्या वागण्यात का असावी?

आपल्या वऱ्हाडाला हा प्रश्न फार जुना आहे. तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. पुराणातल्या विदर्भ राज्याची ही राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर. आजही तिथून रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. ही कथा आपल्या धर्मग्रंथातली नाही, पण आपल्या मातीतली आहे आणि आपले शेजारी ती श्रद्धेने सांगतात. ती आदराने ऐकली तर आपल्यालाही शिकवून जाते.

रुक्मिणीचे मन श्रीकृष्णावर होते. वडील भीष्मक राजाची आणि आप्तांची त्याला हरकत नव्हती. पण थोरला भाऊ रुक्मी याचे श्रीकृष्णाशी वैर. त्याने बहिणीला न विचारता शिशुपालाला शब्द देऊन टाकला. रुक्मिणीने निरोप पाठवला, श्रीकृष्ण आला आणि देवीच्या दर्शनाला गेलेल्या रुक्मिणीला रथात बसवून घेऊन गेला. ते मंदिर म्हणजे अमरावतीची अंबादेवी, असे परंपरा सांगते. रुक्मीने प्रतिज्ञा केली की बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही. तो हरला. श्रीकृष्ण त्याला मारणार होता, तेव्हा भावाच्या जिवासाठी हात जोडले ते रुक्मिणीनेच. जीव वाचला, पण डोक्याचे केस आणि मिशा भादरल्या गेल्या. त्या तोंडाने गावात परतायचे कसे? रुक्मीने भोजकट नावाचे वेगळे नगर वसवले आणि तो तिथेच राहिला. अमरावतीजवळचे भातकुली म्हणजेच ते भोजकट, असे मानतात. भोजकट हे नाव नुसते कथेतले नाही. अचलपूरजवळच्या चम्मक येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला, त्यातही भोजकट राज्याचा उल्लेख आहे.

या कथेत रुक्मीचे नेमके काय गेले, याचा विचार करा. त्याचे शौर्य गेले नाही. त्याचा खरेपणा गेला नाही. गेला तो एक शब्द, आणि तो शब्द त्याने अशा गोष्टीचा दिला होता जी त्याची नव्हती. दुसऱ्याचे आयुष्य आपल्या नावावर लिहून द्यायचे, आणि त्या माणसाने "हे माझे आहे" म्हटले की आपली अब्रू गेली म्हणायचे! रुक्मी भोजकटात राहिला तो कोणी हाकलले म्हणून नव्हे. त्याच्या अभिमानानेच त्याला त्याच्या घरातून बाहेर काढले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार मनात राहिला. त्यांच्या मते, मान म्हणजे एखाद्याच्या चांगुलपणाची लोकांनी दिलेली साक्ष. हा विचार साधा वाटतो, पण त्यातून बरेच काही निघते. साक्ष खरी असू शकते, तशी खोटीही असू शकते. सगळ्या गावाने साक्ष दिली म्हणून खोट्याचे खरे होत नाही. आणि साक्ष ज्याची त्याच्याबद्दल असते. माझ्या मुलीच्या निर्णयावरून माझ्या चारित्र्याची साक्ष कशी द्यायची? मी तिला प्रेमाने वाढवले का, तिच्याशी खरे बोललो का, तिचे ऐकून घेतले का, यावरून मात्र माझी साक्ष नक्की देता येईल.

आपली भाषाच पाहा. पुरुष नाव कमावतो, पत वाढवतो, गेलेली पत पुन्हा मिळवतो. बाईच्या अब्रूला आपण काचेचे भांडे म्हणतो. म्हणजे तिने ती मिळवायची नाही, वाढवायची नाही. फक्त जपायची, आणि एकदा तडा गेला की संपले. एकाच घरात मुलासाठी मान ही कमाई आणि मुलीसाठी ती राखण. हे दोन कायदे कोणी केले?

हा सवाल आपल्याच बुलढाण्याच्या एका बाईने छापून विचारला होता. ताराबाई शिंदे हे तिचे नाव. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मुलाला मारल्याच्या गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. त्या निमित्ताने एका मराठी वर्तमानपत्राने सगळ्या स्त्रीजातीवर ताशेरे ओढले. ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहून त्याला उत्तर दिले. जे जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत काय, हा तिचा रोखठोक प्रश्न होता. विधवेचे लग्न होऊ द्यायचे नाही, तिला फसवणाऱ्याचे नावही घ्यायचे नाही आणि शिक्षा मात्र तिला एकटीला. पुस्तकावर टीका झाली तेव्हा महात्मा जोतीराव फुले तिच्या बाजूने उभे राहिले. पुढे पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. म्हणजे जवळपास ९३ वर्षे आपण तिचा प्रश्न कपाटात ठेवून दिला होता.

आता मला माझ्याबद्दल सांगितले पाहिजे. धर्मगुरू झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट आहे, या धर्मग्रामातली नव्हे. एक तरुण स्त्री आईसोबत आली. नवरा मारत होता. मी नवऱ्याला बोलावले, समज दिली आणि तिला म्हणालो, "बाई, घराची अब्रू आहे. प्रार्थना करा, थोडे सहन करा, परत जा." त्या वेळी मी शांती प्रस्थापित केली, असेच मला वाटले होते. काही महिन्यांनी ती पुन्हा आली तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. ती मला काहीच बोलली नाही. तिची आई एवढेच म्हणाली, "फादर, तुमी म्हटलं म्हणून धाडली होती." त्या घराची अब्रू मी वाचवली होती खरी. पण ती तिच्या हाडांवर वाचवली होती. घराची अब्रू ज्याने घालवली त्याला मी कोमट समज दिली आणि जिने काही केले नव्हते तिला ओझे दिले. प्रार्थना करायला सांगण्यात चूक नव्हती. परत जायला सांगण्यात होती.

कोणी म्हणेल, फादर, मग लाज सोडून द्यायची का? घराण्याच्या नावाचा धाक नसेल तर पोरे कशीही वागतील. या म्हणण्यात तथ्य आहे. लाज ही वाईट गोष्ट नाही. बापाचे नाव आठवून लाच नाकारणारा मुलगा मी पाहिला आहे. आपण एकमेकांचे आहोत, म्हणून एकाचे वागणे दुसऱ्याला लागते, हेही खरे. पण कसोटी सोपी आहे. लाज मला माझ्या चुकीपासून थांबवत असेल तर ती विवेकाची बहीण आहे. लाज मला दुसऱ्यावर अन्याय करायला किंवा झालेला अन्याय झाकायला लावत असेल, तर ती लाज नव्हे, लोकांची भीती आहे. तिने संस्काराचे कपडे घातले आहेत एवढेच.

आणि या जुन्या वाटणीने पुरुष तरी कुठे सुखी आहेत? कर्त्या पुरुषाने रडायचे नाही, अडचण सांगायची नाही, मुलीचे लग्न मात्र दणक्यात करायचे. आपल्या पश्चिम विदर्भात किती शेतकऱ्यांनी जीव दिला हे आपण जाणतो. त्यामागे पाऊस आहे, भाव आहे, सावकार आणि बँक आहे. पण "कर्ज फिटत नाही" हे बायकोलाही सांगता येत नाही, हा गळफास आपणच विणलेला आहे. आपल्याच जिल्ह्यातले गाडगेबाबा कीर्तनातून कर्ज काढून लग्ने करू नका म्हणून आयुष्यभर सांगत फिरले. त्यांना कळले होते की मांडवाची झालर चार दिवसांची असते आणि व्याज अनेक वर्षांचे.

शुभवर्तमानात संत योसेफ यांची परीक्षा नेमकी याच ठिकाणी झाली. वाग्दत्त वधू गरोदर आहे असे कळले. नासरेथसारख्या लहान गावात पुरुषाचे नाक जाण्यासाठी याहून मोठे कारण कोणते? नियमशास्त्राचा आधार होता, लोकांची सहानुभूती मिळाली असती. संत मत्तय योसेफांना नीतिमान म्हणतात आणि त्याच दमात सांगतात की मारियेची बेअब्रू करण्याची त्यांची इच्छा नव्हती. लक्षात घ्या, स्वप्नात देवदूत येण्यापूर्वीच हे त्यांनी ठरवले होते. त्यांना अजून सत्य कळले नव्हते, तरी तिला चव्हाट्यावर आणायचे नाही हे नक्की होते. आपला मान राखण्यासाठी दुसऱ्याचा मान खर्ची घालायचा नाही, याला शुभवर्तमान नीतिमत्त्व म्हणते. आणि पुढे प्रभू येशूसमोर व्यभिचाराच्या आरोपाखाली एका स्त्रीला आणले, तेव्हा तिच्यासोबतचा पुरुष तिथे नव्हताच. ताराबाईंचा प्रश्न त्या अंगणातही उभा होता.

म्हणून तीन गोष्टी मागतो. मुलामुलींच्या लग्नाचा शब्द त्यांना विचारल्याशिवाय कोणाला देऊ नका. सज्ञान व्यक्तीला आपला जोडीदार निवडण्यासाठी कुटुंबाच्या किंवा जातपंचायतीच्या परवानगीची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले आहे. पण आपल्याला ते न्यायालयाने सांगण्याची वेळ का यावी? दुसरे, घरात मार खाणाऱ्या स्त्रीला "सहन कर" म्हणू नका. तिला आसरा द्या. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. माझ्याकडेही या, पूर्वीची चूक मी पुन्हा करणार नाही. तिसरे, पुढच्या वेळी कोणाच्या घराबद्दल "त्यांचे नाक कापले गेले" असे तोंडावर आले, तर तिथेच थांबा. नाक कापणारी सुरी बहुतेक वेळा आपल्या जिभेचीच असते.

रुक्मीच्या कथेला एक शेपूट आहे. पुढे त्याची मुलगी रुक्मिणीच्या मुलाला, प्रद्युम्नाला दिली गेली. श्रीकृष्णावरचा राग गेलेला नव्हता, पण बहिणीला बरे वाटावे म्हणून त्याने हे मान्य केले. प्रतिज्ञेपेक्षा बहीण मोठी वाटायला त्याला इतकी वर्षे लागली.

ते गृहस्थ परवा पुन्हा आले होते. या वेळी खुर्चीवर बसले. निर्णय अजून झालेला नाही. पण त्या मुलाला येत्या रविवारी घरी चहाला बोलावले आहे आणि मुलीशी महिन्याभरानंतर पहिल्यांदा बोललो, असे सांगत होते. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलीसाठी आजच्या मिस्सामध्ये प्रार्थना करू या.

प्रभू आपणा सर्वांच्या घरांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू