संकोच : नम्रता की वसवसा?



आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक इच्छा वर्षानुवर्षे पडून असते. रोज चार ओळी लिहाव्यात. दिवस कसा गेला, शुक्रवारच्या खुतब्यातील कोणती गोष्ट मनाला लागली, वडिलांनी शेवटच्या आजारात काय सांगितले, कपाशीच्या पहिल्या वेच्याला मजुरी किती गेली, हे कोठेतरी टिपून ठेवावे. वही आणलीही जाते. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘बिस्मिल्लाह’ लिहिले जाते आणि वही तेथेच थांबते. कारण विचारले, तर उत्तर ठरलेले असते : मी कोण लिहिणारा? आपली मराठी धड नाही, उर्दूही धड नाही. आपल्या आयुष्यात लिहिण्यासारखे आहे तरी काय? तिवसा येथे हे उत्तर मी दुकानदाराकडून ऐकले, शिक्षिकेकडून ऐकले, पदवी घेतलेल्या तरुणाकडूनही ऐकले.

हे उत्तर ऐकायला चांगले वाटते. त्यात नम्रता दिसते आणि इस्लाममध्ये नम्रतेला फार मोठे स्थान आहे. म्हणूनच ते तपासून घेणे आवश्यक आहे. जी गोष्ट सद्गुणाचा पोशाख घालून येते, तिला दारात कोणी अडवत नाही.

प्रथम एक प्रसंग आठवावा. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या निधनानंतर यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असलेले अनेक सहाबी शहीद झाले. हजरत उमर (रजि.) यांना भीती वाटली की असेच होत राहिले, तर कुरआनचा मोठा भाग माणसांबरोबर निघून जाईल. त्यांनी खलीफा हजरत अबू बकर (रजि.) यांना सुचवले की संपूर्ण कुरआन एकत्र लिहून काढावे. अबू बकर (रजि.) थबकले. जे काम प्रेषितांनी (स.) केले नाही, ते आपण कसे करावे, हा त्यांचा प्रश्न होता. उमर (रजि.) पुन्हा पुन्हा बोलत राहिले, तेव्हा त्यांचे मन वळले. मग त्यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना बोलावले. जैद तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेले तरुण होते. त्यांनीही अगदी तोच प्रश्न विचारला. सहीह बुखारीत त्यांचेच कथन आहे : एखादा पर्वत उचलून दुसरीकडे ठेवायला सांगितले असते, तरी ते या कामाइतके जड वाटले नसते, अशा आशयाचे. अखेर अल्लाहने त्यांचेही हृदय मोकळे केले. खजुराच्या फांद्या, दगडाच्या पातळ चिपा आणि माणसांची हृदये यांतून त्यांनी एकेक आयत गोळा केली.

कोठे ते महान कार्य आणि कोठे आपली शंभर पानी वही! दर्जाची तुलना येथे अभिप्रेतच नाही. पाहायची आहे ती संकोचाची जात. जैद (रजि.) यांची शंका काय होती? हे काम योग्य आहे का, अल्लाहला आवडेल का, ही. लोक मला काय म्हणतील, माझे अक्षर कसे दिसेल, ही शंका त्यांच्या तोंडून आलेली नाही. पहिल्या प्रकारची शंका माणसाला जाणत्यांकडे नेते आणि विचारविनिमयाने ती सुटते. दुसऱ्या प्रकारची शंका कोणालाच विचारायला जात नाही. ती एकांतात बसून राहते व वर्षागणिक वाढते. कामाविषयीचा संकोच आणि स्वतःविषयीचा संकोच, या दोहोंना आपण एकच नाव देतो, घोटाळा होतो तो तेथे.

दुसऱ्या हिजरी शतकातील थोर साधक फुजैल बिन इयाज यांनी या विषयावर एक फार बारीक गोष्ट सांगून ठेवली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की लोकांना दाखवण्यासाठी सत्कर्म करणे हे तर वाईट आहेच, परंतु लोकांमुळे सत्कर्म सोडून देणे हादेखील दिखावाच आहे; या दोहोंपासून अल्लाह वाचवील, तर त्याला इख्लास म्हणावे. मदरशात हे वाक्य शिकताना आम्हा विद्यार्थ्यांना त्याचा पूर्वार्ध समजे, उत्तरार्धाशी मात्र आम्ही अडखळत असू. काम न करण्यात कसला आला दिखावा? असा विचार करा : जो माणूस हसू होईल म्हणून लिहीत नाही, त्याच्यासमोर कोण बसलेले असते? कोऱ्या पानापाशी तर तो एकटाच असतो. तरीही तेथे त्याने मनातल्या मनात एक सभा भरवलेली असते. सभेत त्याचे मराठीचे जुने गुरुजी असतात, शिकलेला मेहुणा असतो, गावातले चार टीकाकार असतात. वही उघडण्याआधीच तो त्यांच्यापुढे उभा राहतो. ही नम्रता कशी म्हणावी? नम्र माणसाला स्वतःच्या लहानपणाची लाज वाटत नाही. तो लहान आहे हे त्याने मान्य केलेले असते आणि त्याच लहान हाताने तो काम करतो. लहान दिसण्याची भीती ज्याला वाटते, त्याला मोठे दिसण्याची आस असते. हा निष्कर्ष कडू आहे, परंतु मला दुसरा सापडत नाही.

हजरत मूसा (अ.) यांना फिरऔनकडे जाण्याची आज्ञा झाली, तेव्हा त्यांनीही आपल्या उणिवा अल्लाहपुढे मांडल्या. छाती भरून येते, जीभ नीट चालत नाही, असे त्यांनी सांगितले. मात्र सूरह ताहा वाचताना ध्यानात येते की त्यांनी काम नाकारले नाही. जिभेची गाठ सुटावी म्हणून दुआ केली, भाऊ हारून (अ.) मदतीला मागितले आणि ते निघाले.

आता ‘लिहिण्यासारखे काय आहे’ या आक्षेपाकडे वळू. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे, हे आपल्या घरातील मुलांना विचारून पाहा. बहुतेकांना आश्चर्य वाटेल. सूरह अल-बकरातील ती २८२ वी आयत देण्या-घेण्याची नोंद करण्याविषयी आहे. मुदतीचे देणे असेल तर लिहा, ते लहान असो वा मोठे, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आदेश आहे. ज्याला लिहिता येते त्याने लिहिण्यास नकार देऊ नये, कारण ती कला अल्लाहने त्याला शिकवली आहे, असेही त्यात येते. लिहिणाऱ्याकडून एकच गोष्ट मागितली आहे : अद्ल, म्हणजे न्यायाने लिहिणे. अलंकार मागितलेले नाहीत, शैली मागितलेली नाही. ज्याला मजकूर सांगता येत नाही, त्याच्या वतीने त्याच्या पालकाने सांगावा, आणि तेथेही अट न्यायाचीच आहे.

यावर थोडे थांबावेसे वाटते. आपल्या भागात कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्रा यांवर घर चालते. कृषी केंद्राची उधारी, मजुरांची बाकी, भावाकडून लग्नासाठी घेतलेली रक्कम, असे कितीतरी व्यवहार केवळ विश्वासावर आणि आठवणीवर चालतात. विश्वास उत्तमच आहे. आठवण मात्र दगा देते, आणि मग एका पिढीने न लिहिलेल्या चार आकड्यांसाठी पुढच्या पिढीत सख्खी भावंडे एकमेकांचे सलाम घेणे सोडतात. सहीह बुखारीतील हदीसचा आशय असा की ज्याच्याकडे वसीयत करण्यासारखे काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही काढू नयेत. तुमच्या वहीचे पहिले पान कोरे असेल, तर तेथे तुमचे देणे लिहा. कोणाचे किती, केव्हाचे, कशाचे. दुसऱ्या पानावर तुमच्याकडे ठेवलेल्या अमानती लिहा. पाहा, लिहिण्यासारखे निघाले की नाही! त्यात ‘मी कोण लिहिणारा’ या प्रश्नाचे उत्तरही मिळते. देणे लागणारा माणूस लिहिणारच.

भाषेचा संकोच अधिक खोल आहे, आणि तो केवळ मुसलमानांचा नाही. वऱ्हाडात डोळ्याला ‘डोया’ आणि शाळेला ‘शाया’ म्हणणारे सर्व धर्मांचे आहेत. पुस्तकातील मराठीपुढे ते सारेच थोडे दबून उभे राहतात. आपल्या घरात त्यात उर्दूची आणि दखनीची भर पडते, म्हणून आपल्याला वाटते की आपण या भाषेच्या ओसरीवरचे पाहुणे आहोत. परंतु लिहिण्याच्या साहित्याचीच नावे उच्चारून बघा. कागद, शाई, दौत, कलम, मजकूर, तारीख. हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत येऊन इतके रुळले आहेत की त्यांच्यावाचून मराठी माणसाला पत्र लिहिता येत नाही. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत रचला. त्यांच्या विचारांशी आपले मतभेद असू शकतात, ती चर्चा वेगळी. पण मराठीत लिहायला त्यांनी कोणाची परवानगी मागत बसले नाहीत. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते. आज आपल्याच वऱ्हाडातील साखरखेर्ड्याचे अजीम नवाज राही मराठीतील मान्यवर कवी आहेत.

‘मसुदा’ हा शब्दही असाच आलेला. अरबीत ‘मुसव्वदा’ म्हणजे काळे केलेले. जुन्या काळी लेखक पहिले लेखन खोडत, ओळींमध्ये शब्द घुसवत, समास भरून टाकत. पान काळे होई. नंतर स्वच्छ प्रत काढली जाई, तिला ‘मुबय्यदा’ म्हणजे पांढरे केलेले म्हणत. ज्यांचे ग्रंथ आपण आदराने रेहलीवर ठेवतो, त्या विद्वानांनाही आधी पान काळे करावे लागले. आपल्याला मात्र पहिलेच पान पांढरेशुभ्र हवे असते.

आमच्या तालुक्यातच मोझरीला गुरुकुंज आश्रम आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे शालेय शिक्षण फार थोडे झाले होते. खंजिरीवर भजने म्हणत गावोगाव फिरलेल्या या माणसाने ४१ अध्यायांची ‘ग्रामगीता’ लिहिली. ती १९५५ साली प्रसिद्ध झाली आणि खेड्यापाड्यांतील साध्या माणसांनी ती हाती घेतली. भगिनींसाठी आणखी एक उदाहरण देतो. लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत शिकून तयार झालेल्या नव्हत्या. वाचायला-लिहायला त्या लग्नानंतर शिकल्या. उतारवयात मुलाच्या आग्रहावरून पतीच्या चरित्रासाठी म्हणून त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या आणि त्यातून १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत पुढे आली. मराठीच्या अभ्यासक्रमात ती आम्ही शिकलो. त्यात विद्वत्तेचा आव कोठेच नाही. स्वयंपाकघर, सोवळे, भांडण, उपास, प्रवास असे जे होते ते त्यांनी बोलल्यासारखे लिहिले. आपल्या घरातील एखाद्या नानीजवळ काय कमी आठवणी आहेत? त्या लिहून घेणारा नातू तेवढा हवा.

एक इशारा मात्र दिला पाहिजे, कारण खासगी वही म्हणजे मोकळे रान नव्हे. जीभेने केलेली गीबत कागदावर उतरली म्हणून शुद्ध होत नाही. उलट बोललेले विरून जाते, लिहिलेले उरते. सासू-सुनेची, भावाभावांची उणीदुणी वहीत साठवू नयेत. तसेच स्वतःच्या ज्या पापावर अल्लाहने पडदा टाकला आहे, तो आपल्या हाताने उचलण्यास आपल्या धर्मात मनाई आहे. तौबा अल्लाहपाशी करावी. वहीत नावागावासह कबुली देण्याची गरज नाही. मग आत्मपरीक्षण लिहावे कसे? मी लोकांना असे सुचवतो : चूक काय झाली याचा तपशील न लिहिता उद्या काय करायचे ते लिहा. ‘अमुक माणसाची माफी मागायची आहे’ एवढे पुरे. ज्याला कळायचे त्याला कळते.

वेळ कोणती? मला फजरनंतरची आवडते, पण दूध काढणाऱ्याला किंवा मुलांचे डबे भरणाऱ्या भगिनीला ती कशी मिळणार? इशानंतर घ्या, दुपारी घ्या. हजरत आयशा (रजि.) यांच्या हदीसनुसार अल्लाहला ते कर्म सर्वाधिक प्रिय आहे, जे थोडे असले तरी सातत्याने होते. पाच ओळी पुरतात. एखादा दिवस चुकला तर वही नव्याने सुरू करू नका, पुढच्या ओळीवर तारीख टाका. कोणत्या लिपीत लिहावे, असे तरुण विचारतात. हात ज्या लिपीत न अडता चालतो तिच्यात. वाक्यात निम्मे शब्द उर्दूचे आणि निम्मे वऱ्हाडीचे आले, तर येऊ द्या. फोनवर लिहिले तरी चालेल, पण तेथे मजकूर पुरा होण्याआधीच बोट ‘स्टेटस’कडे वळते आणि फुजैल यांनी सांगितलेले दोन्ही धोके एकदमच समोर येतात. म्हणून निदान पहिली काही वर्षे कागदच बरा.

कोणी अडवले तर? हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) प्रेषितांचे (स.) बोल लिहून ठेवत असत. कुरैशच्या काही लोकांनी त्यांना टोकले आणि त्यांनी लिहिणे थांबवले. पण ते तेथेच बसून राहिले नाहीत, त्यांनी प्रेषितांनाच (स.) विचारले, आणि त्यांना लिहीत राहण्याची आज्ञा मिळाली. पुढे हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनीच मान्य केले की आपल्यापेक्षा अधिक हदीस कोणापाशी असतील तर त्या अब्दुल्लाह यांच्यापाशी, कारण ते लिहीत आणि मी लिहीत नसे.

आणि वही ठेवायची कोणापाशी, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांच्यासाठी : जैद (रजि.) यांनी लिहिलेली पाने आधी हजरत अबू बकर (रजि.) यांच्यापाशी राहिली, मग हजरत उमर (रजि.) यांच्यापाशी. त्यांच्यानंतर ती त्यांची कन्या हजरत हफ्सा (रजि.) यांनी आपल्या घरात सांभाळली. हफ्सा (रजि.) यांना लिहायला शिकवले होते ते हजरत शिफा बिन्त अब्दुल्लाह (रजि.) या स्त्रीने. खलीफा हजरत उस्मान (रजि.) यांना प्रती काढायच्या होत्या, तेव्हा त्यांनी ती पाने हफ्सा (रजि.) यांच्याकडून मागवून घेतली आणि काम झाल्यावर त्यांची त्यांना परत पाठवली.