सांधा चांगला आहे, असे कोणी म्हणावे?



लोखंडाच्या दोन पट्ट्या जोडलेल्या दिसणे आणि त्या खरोखर जोडलेल्या असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेल्डिंग शिकविणाऱ्यास हे पहिल्याच आठवड्यात सांगावे लागते, आणि शिकणाऱ्यास ते पटावयास पुष्कळ महिने लागतात. याच साध्या गोष्टीतून माझ्यापुढे एक नैतिक प्रश्न उभा राहिला. तो आज आपणापुढे ठेवीत आहे, कारण तो केवळ कारखान्यातला प्रश्न आहे असे मला वाटत नाही.

माझे मुख्य काम पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे. तथापि ईश्वरविज्ञानाकडे वळण्यापूर्वी मी वेल्डरचे शिक्षण घेऊन काही वर्षे फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये घालविली होती. त्या जुन्या हुन्नराच्या बळावर मी आठवड्यातून दोन संध्याकाळी एका कम्युनिटी कॉलेजमध्ये अर्धवेळ शिकवितो. या महाविद्यालयांची कल्पना अमेरिकेतली. तेथे १९०१ साली जोलिएट येथे असे पहिले महाविद्यालय निघाले. आपल्या देशात पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली तिचा आरंभ केला, आणि २०१३-१४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने तिला योजनेचे रूप दिले. ज्यांना शिक्षणाचे दार मध्येच बंद झाले त्यांच्या हाती एखादे कसब द्यावे, हा तिचा हेतू. माझ्यापुढे बसतात ती बहुधा अशीच मुले.

आमची परीक्षा साधी, पण निष्ठुर असते. विद्यार्थी दोन प्लेटी जोडतो. मग त्या सांध्यातून आडव्या पट्ट्या कापून प्रेसमध्ये इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवितात. एक पट्टी सांध्याचे तोंड बाहेर ठेवून, दुसरी त्याचे मूळ बाहेर ठेवून. धातू आतपर्यंत एकजीव झाला असेल तर पट्टी निमूटपणे वाकते. नसेल तर भेग उघडते. ती तीन मिलिमीटरहून मोठी असली की पट्टी नापास. वरून मण्यांच्या माळेसारखी दिसणारी रेघ कित्येकदा येथे तोंड उघडते आणि आतली पोकळी दाखविते.

एका वर्षी एका मुलाची पट्टी अशीच उघडली. घरी आजारी वडील, दोन धाकट्या बहिणी, आणि आखातात पाठविणाऱ्या दलालाने दिलेली आठवड्याची मुदत. तो म्हणाला, “सर, वरून बघा ना, किती सरळ आलाय.” मी वरूनच पाहिले आणि सही केली. त्याने वाकून नमस्कार केला. त्या रात्री आपण एक सत्कृत्य केले अशा समाधानाने मी झोपलो. त्यानंतर त्याची वार्ता मला कळली नाही. तो कोणत्या उंचीवर, कोणाच्या डोक्यावर सांधे घालीत असेल, हा विचार मात्र माझी पाठ सोडीत नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका मुलाची पट्टी उघडली. त्याची आई चार घरची धुणीभांडी करी. या वेळी मी सही केली नाही. उत्तीर्णांचा आकडा अहवालात जावयाचा असतो, तेव्हा थोडे सांभाळून घ्या, असे मला वरून सुचविण्यात आले. तरीही केली नाही. त्याच्यासाठी राखून ठेवलेली नोकरी दुसऱ्यास मिळाली. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, तुम्ही चर्चला जाता ना? मग तुमची दया कुठे गेली?”

वाचकहो, या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नाही. नियम तो नियम, असे म्हणून तो झटकता येत नाही. ज्याला जगाने आजवर काहीच दिले नाही, त्याच्याकडून जगाने अचूकपणा मात्र पुरेपूर मागावा, हा कोठला न्याय? प्रभू येशूने थकल्याभागलेल्यांना जवळ बोलाविले. तो त्यांची परीक्षा घेत दारात उभा राहिला नाही. मग एका पट्टीवरच्या भेगेसाठी एका विधवेच्या चुलीतला विस्तव विझविणारा मी कोण?

याच्या उलट दुसरा विचार येतो. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर किलंड’ नावाचा नॉर्वेचा तरंगता मंच उलटला. त्यावरील २१२ माणसांपैकी १२३ मृत्युमुखी पडली. पाण्यातील ध्वनी टिपणारे एक उपकरण बसविण्याचा आधार त्याच्या एका आडव्या नळीला जोडला होता. जोड अवघा सहा मिलिमीटरचा. त्या सांध्यातून भेग निघाली, लाटांच्या माराने वाढत गेली, नळी तुटली, आणि मंचाचा एक पायच निखळला. चौकशीत त्या सांध्याच्या भेगेत रंगाचे अंश आढळले. म्हणजे भेग आधीच होती, आणि कोणाच्या तरी हाताने तिच्यावरून रंग फिरविला गेला होता.

माझी ती सही हा असाच रंगाचा हात होता. शिवाय एक गोष्ट मी विसरलो होतो. कच्च्या सांध्याखाली बहुधा धनवान उभे नसतात. परांचीवर चढणारा मजूर, बाजाराच्या छपराखाली बसलेली भाजीवाली, शाळेच्या जिन्यावरून उतरणारी मुले, हीच तेथे असतात. एका गरिबावर केलेल्या माझ्या दयेची किंमत मी दुसऱ्या, न पाहिलेल्या गरिबाच्या नावे लिहून ठेवली होती. जी दया स्वतः काही देत नाही आणि तिसऱ्यास देणे लावते, तिला दया म्हणावे काय?

भाषांतराच्या कामात यशयाच्या एक्केचाळिसाव्या अध्यायातील सातव्या वचनाने मला पुष्कळ काळ थांबविले आहे. मूर्ती घडविणारे कारागीर तेथे एकमेकांना धीर देतात. आपले सोनार ज्याला डाख म्हणतात तशा सांध्याविषयी, तो चांगला झाला असे त्यांतला एक म्हणतो. आणि लगेच ती मूर्ती हलू नये म्हणून खिळ्यांनी पक्की केली जाते. ‘चांगला’ यासाठी इब्री भाषेत ‘तोब’ हा शब्द आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव आपली निर्मिती पाहून जो शब्द वापरतो, तोच हा. देव पाहतो आणि मग चांगले म्हणतो. हे कारागीर चांगले म्हणतात आणि मग खिळे ठोकतात. त्यांच्या हातांनाच त्यांच्या तोंडावर विश्वास नाही. सांध्यासाठी तेथे आलेला ‘देबेक’ हा शब्दही पाहण्याजोगा आहे. पुरुष आपल्या स्त्रीशी जडून राहतो आणि रूथ आपल्या सासूला बिलगून राहते, तेथे याच धातूचे क्रियापद आहे. खरा सांधा असा असतो. त्याला खिळ्याची गरज लागत नाही.

त्या मुलाला मी उत्तर दिले नाही. “शनिवारी दुपारी ये,” एवढेच म्हणालो. दोन शनिवार तो आला नाही. तिसऱ्या शनिवारी आला. मी त्याच्या शेजारी काळी काच धरून बसलो आणि त्याचा हात पाहिला. करंट कमी, प्लेटींमधली फट अरुंद, आणि रॉड धातूपासून दूर. त्यामुळे वितळलेले लोखंड मुळापर्यंत पोहोचतच नव्हते. दोष पाच मिनिटांत दिसला. वर्षभर तो मला का दिसला नाही? कारण दोन तासांत वीस मुले, आणि मी तासावर मोजलेला शिक्षक; घंटा झाली की माझा दिवस संपे. तेव्हा मला कळले की पहिल्या मुलाला मी जे दिले ती दया नव्हती. मी स्वतःलाच क्षमा करून घेतली होती. त्याच्या भेगेत माझ्या शिकविण्याची भेग होती, आणि सहीने मी दोन्ही झाकल्या.

सहा शनिवार गेले. सातव्या शनिवारी त्याची पट्टी वाकली आणि उघडली नाही. गेलेली नोकरी परत आली नाही. पुढे त्याला कमी पगाराची मिळाली. तो मला क्षमा करील की नाही, हे मी त्याच्यावर सोडले आहे.

तेव्हा माझे उत्तर असे आहे. दया गुणपत्रिकेत घालावयाची नसते. ती आपल्या वेळेत घालावयाची असते. दया आणि सत्य एकमेकांस भेटतात असे स्तोत्रकर्ता पंच्याऐंशीव्या स्तोत्रात गातो. त्यांची भेट फुकट होत नाही. तिचा खर्च कोणीतरी सोसावा लागतो. वधस्तंभाचा अर्थ याहून निराळा काय आहे? देवाने आमच्या पापाला चांगले म्हटले नाही, आणि आम्हांला टाकूनही दिले नाही. ती किंमत त्याने स्वतःकडे घेतली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनात दुष्काळातून आलेल्या स्त्रियांना नुसता आसरा दिला नाही; वर्षानुवर्षे खपून त्यांच्या हाती हुन्नर दिले. म्हणूनच रमाबाईंनी केलेले मराठी बायबल त्याच स्त्रियांच्या हातांनी छापून निघू शकले.

वाचकहो, सह्या आपणही करतो. पाळक शिफारसपत्र लिहितात, वडील मंडळी उमेदवारास पसंती देतात, आईबाप मुलाच्या स्वभावाविषयी सोयरिकीच्या घरी ग्वाही देतात. भाषांतरकारही मूळ अर्थ हाती न लागलेल्या वचनावर गोड मराठीचा रंग फिरवून पुढे जाऊ शकतो. मी ते केले आहे, आणि ती पाने पुन्हा उघडावी लागली आहेत. प्रत्येकाचे काम अग्नीने पारखले जाईल, असे पौलाने करिंथकरांस लिहिले. तो स्वतः तंबू शिवणारा होता. टाका कोठे उसवतो हे त्याला ठाऊक असावे.

पुढच्या वेळी एखाद्या गरजवंताच्या कागदावर सही करण्यास आपला हात उचलेल, तेव्हा क्षणभर थांबून स्वतःला विचारा: मी याला माझे काही देत आहे, की केवळ माझी सुटका करून घेत आहे? आणि सही करता येत नसेल, तर तेवढ्यावर त्याला दारातून परत पाठवू नका. त्याला सांगा, “शनिवारी ये.”