तडा आणि तारीख

वापरलेली वस्तू विकत घेण्यात कमीपणा काही नाही. एकाला नकोशी झालेली वस्तू दुसऱ्याच्या हाती पुन्हा उपयोगी पडावी, हे काटकसरीला धरूनच आहे. परंतु अशा वस्तूबरोबर तिचा पूर्वेतिहासही आपण विकत घेत असतो आणि तो पावतीवर लिहिलेला नसतो. खुर्चीच्या बाबतीत त्यामुळे फारसे बिघडत नाही. होडीच्या बाबतीत बिघडते.

अलीकडे कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाड्यांमधून कयाक नावाची चिंचोळी होडी बरीच दिसू लागली आहे. मुळात ती उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशातील लोकांची. लाकडाच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवीत. आजची कयाक बहुधा प्लास्टिकची असते आणि पर्यटकांसाठी काही हंगाम राबल्यावर ती स्वस्तात विकली जाते. आमच्या परिचयातील काही तरुणांनी अशीच एक दोन आसनांची कयाक घेतली. मे महिन्यात खाडीतून दोन दिवसांची सफर ठरली, कोणी काय शिजवून आणायचे येथपर्यंत वाटणी झाली आणि सफरीला आठ दिवस उरले असताना आसनाखाली वीतभर लांबीचा तडा आढळला. “फादर, आत लांबी भरली, वरून रंग मारला, की काम झालं,” त्यांच्यातील एकजण म्हणाला. काम केव्हा ‘झाले’ म्हणावे आणि ते म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आम्हांला वाटतो तितका सोपा नाही.

येथे नीती पदार्थाच्या स्वभावाशी जखडलेली आहे, म्हणून आधी त्या प्लास्टिकविषयी सांगणे भाग आहे. पॉलिएथिलीनची भुकटी धातूच्या साच्यात घालून तो तापवीत सर्व अंगांनी फिरवतात. भुकटी वितळून साच्याच्या आतल्या अंगाला बसते आणि निवल्यावर होडी बाहेर निघते. हे प्लास्टिक मोठे चिवट, पण त्याला चिकटणे कशालाच फारसे जमत नाही. लाकडी होडीच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासला की तो पाण्याने फुगून सांधा अधिकच आवळला जातो. येथे तसे काही घडत नाही. भरलेली लांबी वरवर बसते आणि होडी लाटेवर लवली की पापुद्र्यासारखी सुटते. म्हणून जाणता कारागीर प्रथम तड्याची दोन्ही टोके शोधतो, कारण डोळ्याला दिसते त्याच्याही पुढे तडा पुष्कळदा गेलेला असतो. आणि प्रत्येक टोकाशी ड्रिलने एक लहानसे गोल भोक पाडतो. गळकी होडी दुरुस्त करायला तिला आणखी भोके पाडायची, हे ऐकताना विपरीत वाटते. पण भेगेच्या अणकुचीदार टोकाशी ताण एकवटतो आणि तेच टोक गोल केले की तो ओसरतो. इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने १९१३ मध्ये हे गणिताने दाखवून दिले. त्यानंतर चीर खोबणीसारखी कोरायची, स्वच्छ करायची आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी व चिरेच्या कडा एकत्र वितळवून एकजीव करायच्या. पॉलिएथिलीनचा एक प्रकार असाही आहे की ज्याचे रेणू परस्परांना बांधलेले असल्यामुळे तो पुन्हा वितळत नाही. त्याला हे वेल्डिंग चालतच नाही. शेवटी होडीच्या पोटात पाणी भरून बाहेरून पाझर पाहायचा.

इतके करूनही एक गोष्ट उरते, ती म्हणजे ऊन. वर्षानुवर्षे उन्हात पडलेले हे प्लास्टिक ठिसूळ होत जाते. मग वेल्डिंग पक्के राहते आणि त्याच्याच शेजारी नवा तडा जातो. दुरुस्ती निर्दोष आणि होडी मात्र बाद, असा हा चमत्कारिक प्रकार आहे, आणि होडीचा मालक नेमका येथेच डोळे मिटून घेतो.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुने, वारंवार दुरुस्त केलेले. मालकाच्या मनात शंका येते. पण ते यापूर्वी इतक्या सफरींतून सुखरूप परतले आहे, शिवाय देव त्या स्थलांतरित कुटुंबांना सांभाळीलच, असे घोकून तो शंका गाडून टाकतो. जहाज बुडते, विम्याचे पैसे मिळतात. क्लिफर्डचे म्हणणे असे की, जहाज सुरक्षित आहे असे त्याला अगदी मनापासून वाटत होते हे खरे धरले, तरी तसे वाटून घेण्याचा त्याला अधिकार नव्हता. आणि जहाज सुखरूप पोहोचले असते तरीही त्याचा दोष तसूभर कमी झाला नसता. क्लिफर्ड श्रद्धाळू नव्हता. त्याच्या निबंधाचा रोख आमच्यासारख्यांवरच होता, आणि त्याचे सगळेच निष्कर्ष आम्हांला मान्य नाहीत. पण त्याचा जहाजमालक आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. कधी तो घराच्या गच्चीला गेलेल्या तड्यावर चुना फासतो, तर कधी छातीतल्या कळेला ‘वात’ म्हणून मोकळा होतो.

त्या आठ दिवसांचेच पाहा. तारीख ठरलेली नसती तर तोच तडा त्या तरुणांना मोठा दिसला असता. तडा तेवढाच होता. तारीख जवळ आली तसा तो त्यांच्या बोलण्यात लहान होत गेला. प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाच्या शेवटच्या समुद्रप्रवासातही हेच घडते. क्रीट बेटावरचे बंदर हिवाळा काढायला सोयीचे नाही, म्हणून बहुसंख्यांना पुढे निघायचे असते. शताधिपती पौलापेक्षा तांडेलावर आणि मालकावर विश्वास ठेवतो, आणि मंद दक्षिणवारा सुटताच सर्वांना आपला बेत साधला असे वाटते. पुढची वाताहत वाचकांना ठाऊक आहे. आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती नंतरची गोष्ट. कोणाचाही जीव जाणार नाही असे देवाचे आश्वासन मिळाल्यावरही, खलाशी लहान होडीतून निसटू पाहतात तेव्हा पौल शताधिपतीला सावध करतो, की हे गेले तर तुम्ही वाचणार नाही. त्याने आश्वासनाची लांबी करून तड्यात भरली नाही. आपल्या हाती असलेले करायचे सोडून देवाच्या मदतीची वाट पाहणे याला संत थॉमस अक्वायनस देवाची परीक्षा पाहणे म्हणतात.

यावर एक रास्त आक्षेप येतो. इतकी खात्री करायची तर कोणी पाण्यात उतरूच नये. नाही, खाडीत धोका असायचाच, तो पत्करण्यात पौरुष आहे आणि आनंदही आहे. पण धोका पत्करणाऱ्याला तो ठाऊक असला पाहिजे. पुढच्या आसनावर बसणार होता तो सतरा वर्षांचा मुलगा, आणि तड्याची गोष्ट त्याच्या कानावर कोणी घातलेलीच नव्हती. आमचा त्या मंडळींशी वाद झाला तो याच मुद्द्यावर. लांबीचा विषय त्यामानाने लवकर मिटला. सफर पुढे ढकलली गेली, थोडी नाराजी झाली. असो.

विकणाऱ्याचे काय? त्याने तडा सांगितला नव्हता. अक्वायनस यांनी हा प्रश्न घोड्याच्या उदाहरणाने सोडवला आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते कोणालाही दिसते. विक्रेत्याने किंमत योग्य तेवढी उतरवली की तोंडाने सांगण्याचे बंधन नाही. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यातून घेणाऱ्याला धोका वा नुकसान संभवत असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. आता ही कयाक पिवळी आहे आणि कांडी मिळाली ती काळी, त्यामुळे सांधा दुरूनही दिसतो. मुलांना त्यावर रंग द्यायचा आहे; काही वर्षांनी ती विकायची झाली तर बरी दिसेल, असा हिशेब आहे. रंग दिला की आंधळ्या डोळ्याचा लपलेला दोष होतो आणि सांगण्याचे बंधन त्यांच्यावर येते. शिवाय त्या सांध्याच्या कडा दर खेपेला पाण्यात उतरण्यापूर्वी बोट फिरवून पाहायच्या आहेत, आणि रंगाखाली त्या नीट दिसणार नाहीत.